संख्यामालिका शेवटाकडून सोडवायला शिका

१, २, ४, ८, १६ यानंतर कोणती संख्या येईल? बहुतेकांच्या तोंडून लगेच ३२ येतं, आणि ते बरोबरच आहे. पण ३१ म्हणणाराही चूक ठरत नाही. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांशी सरळ रेषेने जोडा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजा. एका बिंदूला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६ आणि सहा बिंदूंना ३१! शिवाय २३ हेही एक उत्तर आहे. ते देवळालीच्या एका शाळामास्तरांमुळे मिळतं. त्यांची गाठ पुढे पडेल.

तीन वेगळे नियम, आणि तिन्हींची पहिली पाच पदं सारखी. सहाव्या पदावर मात्र वाटा फुटतात. सुरुवातीची लहान पदं कुठल्याही नियमात बसून जातात. नियम उघडा पडतो तो शेवटच्या मोठ्या पदांत. तरीही आपण सगळे मालिका वाचायला घेतो ती डावीकडून, आणि पहिल्या दोन पदांवर जो अंदाज बांधतो त्याला चिकटून बसतो. हा लेख उलट्या वाटेचा आहे. शिष्यवृत्ती, पोलीस भरती किंवा एमपीएससीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी नुकती सुरू केली असेल, किंवा निव्वळ कोड्यांची आवड असेल, तरी चालेल. पाढे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आणि एक वही एवढं पुरे.

पायरी १ : उलट क्रिया हातात बसवा

मालिका म्हणजे एका पदावर काहीतरी क्रिया करून पुढचं पद मिळवणं. मागे जायचं तर ती क्रिया उलटवावी लागते. बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त ही रीत एका श्लोकात दिली आहे :

छेदं गुणं गुणं छेदं वर्गं मूलं पदं कृतिम् ।
ऋणं स्वं स्वमृणं कुर्याद् दृश्ये राशिप्रसिद्धये ॥

म्हणजे दिलेल्या उत्तरावरून मूळ संख्या काढायची असेल, तर भाजकाला गुणक करा आणि गुणकाला भाजक, वर्गाच्या ठिकाणी मूळ घ्या आणि मुळाच्या ठिकाणी वर्ग, वजा असेल ते मिळवा आणि मिळवलेलं वजा करा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. उलट रीतीचा अभ्यास आपल्या खानदेशात इतका जुना आहे.

त्याच ग्रंथातलं एक उदाहरण नवशिक्यांनी करायलाच हवं. एका संख्येला ३ ने गुणलं, त्या गुणाकारात त्याचाच तीन-चतुर्थांश मिळवला, ७ ने भागलं, आलेल्यातून त्याचाच एक-तृतीयांश वजा केला, उरलेल्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, तर उत्तर आलं २. ती संख्या कोणती?

पुढून गेलात तर ‘क्ष’ धरून मोठं समीकरण मांडावं लागेल. शेवटाकडून निघा. २ ला १० ने गुणा : २०. त्यातून ८ काढा : १२. वर्ग करा : १४४. ५२ मिळवा : १९६. वर्गमूळ : १४. इथवर सगळं सरळ आहे.

आता सावध राहा. ‘एक-तृतीयांश वजा केला’ हे उलटवताना बरेच जण १४ मध्ये १४ चाच एक-तृतीयांश मिळवतात. ते चूक आहे. वजा केलेला तृतीयांश मूळ संख्येचा होता आणि १४ हे वजाबाकीनंतर उरलेलं आहे. तीन भागांतला एक गेला, दोन उरले, त्या दोन भागांचे १४. म्हणजे एक भाग ७ आणि मूळ संख्या २१. उलटताना तृतीयांशाचा अर्धा झाला. पुढे २१ ला ७ ने गुणा : १४७. ‘तीन-चतुर्थांश मिळवला’ याचंही तसंच. चार भागांत तीन मिळून सात झाले, त्या सातांचे १४७, म्हणून एक भाग २१ आणि चार भाग ८४. शेवटी ८४ ला ३ ने भागलं की २८. पुढून ताळा करून पाहा, २ येतात.

भास्कराचार्यांनी या अपूर्णांकांसाठी पुढच्याच श्लोकात वेगळा नियम दिला आहे, कारण चूक नेमकी इथेच होते. शेकड्याची मालिका आली की हाच सापळा असतो. २५ टक्के वाढ उलटवायची तर २० टक्के घट करावी लागते. १०० चे १२५ झाले आणि १२५ मधून २५ काढायचे, ते १२५ चे २० टक्के.

दुसरी गोष्ट क्रमाची. उतरंडीत शेवटी ठेवलेलं मडकं आधी उतरवावं लागतं, तसंच इथे. ‘दोनाने गुणून एक मिळवला’ हे उलटवताना आधी एक वजा करायचा, मग दोनाने भागायचं. ६३ चं मागचं पद ३१ येतं ते असं. आधी ६३ ला २ ने भागलंत तर ३१.५ येतील, आणि बरोबर असलेला नियम चुकीचा वाटून तुम्ही सोडून द्याल.

पायरी २ : शेवटची दोन पदं आधी पाहा

ही मालिका घ्या :

२, ३, ८, २७, ११२, ५६५, ?

२ आणि ३ पाहून काय कळतं? एक मिळवला असेल. दुसरी मूळ संख्या (१ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणारी) असेल. ८ आणि २७ दिसले की मन घनांकडे धावतं, आणि तिथे पाच मिनिटं वाया जातात.

आता उजवीकडून या. ५६५ मध्ये ११२ किती वेळा जातात? ५ वेळा, ५६०, आणि बाकी ५. ११२ मध्ये २७? ४ वेळा, १०८, बाकी ४. २७ मध्ये ८? ३ वेळा, बाकी ३. ८ मध्ये ३? २ वेळा, बाकी २. ३ मध्ये २? १ वेळा, बाकी १. नियम आपोआप समोर आला : एकाने गुणून एक, दोनाने गुणून दोन, याप्रमाणे. पुढचं पद ५६५ × ६ + ६ = ३३९६.

हे शेवटाकडूनच का साधतं? पद मोठं झालं की गुणक ठळक दिसतो आणि मिळवलेली छोटी संख्या बाकीत वेगळी पडते. ३ ला २ ने भागून गुणकाबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही. ५६५ ला ११२ ने भागलं की गुणक ५ च्या आसपास आहे हे लगेच दिसतं. म्हणून सवयच लावा : मालिका दिसली की पहिला भागाकार शेवटच्या दोन पदांचा.

भागाकार १ च्या जवळ आला तर मालिका बहुधा फरकांची आहे, पायरी ४ कडे जा. भागाकार मागे मागे जाताना जवळपास तोच राहत असेल तर ठरावीक गुणक आहे. मागे जाताना तो कमी होत असेल तर वरच्यासारखा वाढता गुणक. आणि भागाकार एकदा १ पेक्षा मोठा, एकदा लहान, असा वर-खाली होत असेल तर बहुधा दोन मालिका एकमेकींत विणल्या आहेत. ४, ५०, ७, ४५, ११, ४०, १६, ३५, ? या मालिकेत प्रश्नचिन्हापासून एक सोडून एक मागे या : १६, ११, ७, ४. फरक ५, ४, ३. मग उत्तर १६ + ६ = २२. विणलेल्या मालिकेत मागून मोजण्याचा मोठा फायदा हा, की प्रश्नचिन्ह कोणत्या धाग्यात पडतं यात घोळ होत नाही.

भागाकार पूर्णांकात सुटत नाही म्हणून घाबरू नका, उलट तो फार चांगला पहारेकरी आहे. पुढे जाताना ‘दोनाने गुणून एक मिळवा’ हे कुठल्याही संख्येला लावता येतं, ते कधी अडत नाही. मागे येताना मात्र चुकीचा नियम लवकरच अपूर्णांकात अडकतो. दोन-तीन पावलं मागे येऊनही पूर्णांक शाबूत राहिले, तर नियमावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

पायरी ३ : मोठ्या पदाचे शेजारी ओळखा

७, २६, १२४, ३४२, १३३०, ?

इथे भागाकार काही बोलत नाही. मग शेवटच्या पदाच्या शेजारी कोण राहतं ते पाहा. १३३० च्या शेजारी १३३१, म्हणजे ११ चा घन. ३४२ च्या शेजारी ३४३, ७ चा घन. १२४ ला १२५, ५ चा. २६ ला २७, ७ ला ८. घन आहेत ते ११, ७, ५, ३, २ यांचे. ७ नंतर एकदम ११ आले, तेव्हा या मूळ संख्या. पुढचा १३ चा घन २१९७, त्यातून १ गेला की २१९६.

डावीकडून आला असता तर २, ३ पाहून पुढे ४ येईल अशी अपेक्षा धरली असती. मूळ संख्यांची खूण ७ आणि ११ मधल्या दरीत आहे, आणि ती दरी शेवटाला आहे.

यासाठी ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन तोंडपाठ हवेत. शॉर्टकटच्या लांबलचक याद्या पाठ करण्याच्या मी विरोधात आहे, पण हे दोन तक्ते त्याला अपवाद. यांच्याशिवाय मोठ्या संख्येचा शेजारी दिसणारच नाही.

पायरी ४ : पहिलं पद हरवलं असेल तर फरकांची शिडी

?, ६, १५, ३०, ५३, ८६

लागोपाठच्या पदांचे फरक एका ओळीत लिहा : ९, १५, २३, ३३. त्याखाली त्यांचे फरक : ६, ८, १०. त्याखाली : २, २. फरक सारखे आले की थांबा.

आता शिडीच्या डाव्या टोकाने वर चढा. शेवटच्या ओळीत सगळीकडे २ आहेत, म्हणून ६ च्या आधी ४. मग ९ च्या आधी ९ − ४ = ५. मग मालिकेतल्या ६ च्या आधी ६ − ५ = १. उत्तर १. उजव्या टोकाने चढलात तर बेरीज करायची : १० + २ = १२, ३३ + १२ = ४५, ८६ + ४५ = १३१, हे पुढचं पद. एकाच शिडीतून दोन्ही टोकं मिळतात.

एक पथ्य पाळा. फरकांच्या ओळीत निदान दोन-तीन संख्या सारख्या दिसायला हव्यात. खाली एकच संख्या उरेपर्यंत गेलात तर ती ‘स्थिर’ आहे असं म्हणण्याला काही अर्थ नाही. कोणत्याही मालिकेत शेवटी एक संख्या उरतेच. वरच्या उदाहरणात दोन आहेत. परीक्षेत तेवढं बहुधा पुरतं, पण तीन असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मागच्या दोन पदांची बेरीज पुढचं पद असेल, तर मागे जाताना वजाबाकी. ?, ?, ५, ९, १४, २३, ३७ यात आधी ३७ − २३ = १४ आणि २३ − १४ = ९ असा शेवटाकडून नियम पक्का करा. मग ९ − ५ = ४ आणि ५ − ४ = १.

पायरी ५ : चुकीचं पद शोधताना दोन दुवे बघा

‘विसंगत पद ओळखा’ या प्रश्नात नवखे लोक हमखास शेजारचं पद पकडतात. का, ते पाहा :

४, ९, २०, ४४, ९०, १८५

उजवीकडून प्रत्येक पदातून मागच्या पदाची दुप्पट वजा करा. १८५ − १८० = ५. ९० − ८८ = २. ४४ − ४० = ४. २० − १८ = २. ९ − ८ = १. मागून ५, २, ४, २, १ अशा बाक्या आल्या. व्हायला हव्या होत्या ५, ४, ३, २, १. दोन बाक्या बिघडल्या आहेत, एक नाही. कारण मधलं प्रत्येक पद दोन दुव्यांत भाग घेतं : मागच्या पदातून येतं आणि पुढच्याला जन्म देतं. बिघडलेले दोन दुवे ज्या पदावर जुळतात ते पद चुकीचं. इथे ते ४४. त्याच्या जागी ४३ हवे; मग ४३ − ४० = ३ आणि ९० − ८६ = ४.

एकच दुवा बिघडलेला दिसला तर चूक मालिकेच्या पहिल्या किंवा शेवटच्या पदात आहे. हे लक्षात ठेवलंत तर या प्रकारात अंदाज बांधायची गरजच पडत नाही.

पायरी ६ : मागे वाचणं सोपं असतं अशी मालिका

१, ११, २१, १२११, १११२२१, ३१२२११

पहिल्यांदा ही मालिका पाहणाऱ्याला फरक, भागाकार, शेजारी, काहीच सापडत नाही. शेवटचं पद जोड्या पाडून मोठ्याने वाचा : ३१, २२, ११. तीन एक, दोन दोन, एक एक. तसं लिहा : १११, २२, १. हे तर मागचं पद! प्रत्येक पद मागच्या पदाचं वर्णन आहे. इंग्लंडचे गणिती जॉन कॉनवे यांनी या मालिकेचा खोलवर अभ्यास केला होता.

पहिल्या पदानंतर प्रत्येक पदात अंकांची संख्या सम आहे, हा जोड्या पाडण्याचा इशारा. तीनपेक्षा मोठा अंक कुठेच नाही, हा दुसरा इशारा : संख्यांशी हिशोब चाललेला नाही, मोजदाद चालली आहे. असे इशारे लांब पदातच दिसतात. १ आणि ११ मध्ये ते शोधून सापडत नाहीत.

पायरी ७ : मागची वाट फुटते किंवा संपते तेव्हा

आता ते शाळामास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर झालं. त्यांचा एक साधा नियम : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १ पासून सुरू करा : १, २, ४, ८, १६. आता १६ + १ + ६ = २३. मग २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. सुरुवातीला सांगितलेले २३ ते हेच.

या मालिकेत पुढे जाणं लहान मुलालाही जमतं. मागे येणं खरा कस पाहतं. ६२ च्या आधी काय, हे असं काढा. ६२ च्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करा : ८. तो सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर ९ मिळवून निम्मा करा. इथे ४. आता ६२ − ४ = ५८; याच्या अंकांची बेरीज ४ आहे का? नाही, १३ आहे. मग ४ मध्ये ९ मिळवून १३ वजा करा : ४९, आणि ४ + ९ = १३. जमलं. ६२ चा जनक ४९. दोन अंकी संख्येला एवढ्या दोन तपासण्या पुरतात, तीन अंकींना आणखी ९ मिळवून तिसरी करा. नऊ का, तर कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते.

आता २० घ्या. बेरीज २, निम्मा १. २० − १ = १९, बेरीज १०, जमत नाही. २० − १० = १०, बेरीज १, जमत नाही. २० ला जनकच नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. गणितात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी त्यांची रांग जाते. आणि १०१ ला दोन जनक आहेत : ९१ आणि १००.

नवशिक्यांनी हे मनावर घ्यावं म्हणून एवढं लांबवलं. उलट क्रिया नेहमी एकच आणि नेहमी असतेच असं नाही. वर्गमूळ घेताना अधिक आणि उणे अशी दोन उत्तरं असतात. ‘अंकांची बेरीज’ किंवा ‘भागून उरलेली बाकी’ अशा क्रियांत माहिती हरवते, आणि हरवलेली माहिती मागे येताना कुठून आणणार? अशा मालिकेत मागचं पद सापडलं तरी दुसरं कोणी आहे का हे तपासल्याशिवाय उत्तर लिहू नका.

परीक्षेच्या हॉलमध्ये

चार पर्याय दिलेले असतात, म्हणजे शेवटची संख्या जवळजवळ हातातच असते. नियम सुचत नसेल तर प्रत्येक पर्याय शेवटचं पद आहे असं धरून एक पाऊल मागे या. बहुधा दोन पर्याय सम-विषम पाहताच गळतात, तिसरा भागाकारात अडकतो. नव्वद सेकंदांत वाट दिसली नाही तर पुढचा प्रश्न घ्या. आणि घरी कोड्याचं उत्तर छापलेलं असेल तर ते आधी वाचून त्यावरून नियम शोधायचा सराव जरूर करा. त्यात लबाडी काही नाही, उलट वाटेने चालायला पाय तसेच तयार होतात.

एखाद्या मालिकेने रात्रभर छळलं, तर तिची पदं ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’ या मोफत संकेतस्थळावर टाकून पाहा. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेला हा संग्रह १९९६ पासून इंटरनेटवर आहे. तिथे १, २, ४, ८, १६ एवढंच टाकलंत तर ढीगभर मालिका पुढे येतील. आणखी एक पद घाला आणि त्यातल्या किती गळतात ते पाहा.

सरावासाठी

(अ) ?, १४, ३०, ६२, १२६
(आ) चुकीचं पद ओळखा : २, ५, १४, ४१, १२३, ३६५
(इ) ६, २४, ६०, १२०, २१०, ?
(ई) पायरी ६ च्या नियमाने १३११२२२१ च्या आधीचं पद कोणतं?
(उ) कापरेकरांच्या नियमाने १०३ चे जनक शोधा.

उत्तरं : (अ) ६, दोनाने गुणून दोन मिळवले आहेत, म्हणून आधी २ वजा, मग निम्मे. (आ) १२३ च्या जागी १२२ हवे. ३६५ मध्ये १ मिळवून ३ ने भागा. (इ) ३३६, २१० म्हणजे ५ × ६ × ७, किंवा शेजाऱ्याकडून आलात तर ६ च्या घनातून ६ वजा. (ई) ३१२२११. (उ) ९२ आणि १०१. फक्त एकच सापडला असेल तर पायरी ७ मधली पुढची तपासणी करायची राहिली आहे.